सिंहाचं सोडा, दोरीवरच्या टॉवेलचं बघा: आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून राहायला जाताय? या चुका टाळा

आफ्रिकेत एखाद्या प्रकल्पावर दोन-तीन महिने राहायला निघालेल्या मुलांचे फोन येतात, तेव्हा पहिला प्रश्न हमखास सिंहाचा असतो. दुसरा सापाचा. आईबाबा शेजारी बसलेले असतील तर तिसरा इबोलाचा. सिंहामुळे अर्ध्यातून परत आलेला एकही स्वयंसेवक मला माहीत नाही. खड्ड्याच्या संडासामुळे, रोजच्या उगालीमुळे (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि एका खोलीत आठ जण निघाल्यामुळे मात्र बरेच जण परत आलेत. यातलं जवळजवळ सगळं पैसे भरायच्या आधी कळलं असतं. कुणी विचारलंच नव्हतं.

‘राहण्या-जेवणाची सोय समाविष्ट’ यावर विश्वास टाकणं

या चार शब्दांत काहीही बसतं. केनिया-टांझानियातल्या गावांत त्याचा अर्थ बहुतेक वेळा एखाद्या कुटुंबात राहणं असा होतो. शहराजवळ असाल तर संस्थेनं भाड्यानं घेतलेलं घर आणि त्यात दुमजली पलंग. अभयारण्याच्या कडेला असाल तर तंबू. नामिबियात उगाब नदीच्या कोरड्या पात्राजवळ ‘एलिफंट ह्यूमन रिलेशन्स एड’ ही संस्था वाळवंटी हत्तींसाठी काम करते. तिथले स्वयंसेवक एक आठवडा शेतकऱ्यांच्या पाण्याच्या टाक्यांभोवती दगडी भिंती बांधतात, म्हणजे तहानलेला हत्ती टाकी आणि पाइप मोडत नाही. पुढचा आठवडा हत्तींच्या मागावर. मुक्काम उघड्यावर, आंघोळ बेतानं. त्यांनी हे लपवलेलं नाही, सगळं स्पष्ट सांगतात. तरी ‘सोय समाविष्ट’ एवढंच वाचून हेअर ड्रायर घेऊन जाणारे असतातच.

मेल लिहाल तेव्हा ‘सोय चांगली आहे ना?’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’ असंच येणार. खोलीत किती जण, मुलामुलींच्या खोल्या वेगळ्या का, पाणी कुठून येतं आणि दिवसाला किती बादल्या, सोलरवर दिवा किती तास चालतो, संडास खोलीपासून किती पावलांवर, कुंपण आहे का, पावसाळ्यात जवळच्या दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागतो, एवढं विचारा. आणि संडासाचा फोटो मागवा. हत्तीचा फोटो ते न मागता पाठवतात. संडासाचा पाठवायला जी संस्था आढेवेढे घेते, तिच्याबद्दल मी जरा सावध होतो.

दवाखान्याच्या प्रश्नात पावसाळा मुद्दाम घातलाय. आपल्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये, आणि केनियातला मोठा पाऊस मार्च ते मे. तिथल्या पुष्कळ भागांत काळी माती आहे. तिला तिथेही कापसाची काळी जमीनच म्हणतात. वऱ्हाडातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. एक सर पडली की जीप रुतते, आणि उन्हाळ्यातला चाळीस मिनिटांचा रस्ता अर्ध्या दिवसाचा होतो.

‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ समजून बॅग भरणं

नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा उंच. जुलैत तिथे दिवसभर ढग असतात आणि स्वेटर लागतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तर जून-जुलै म्हणजे ऐन हिवाळा. नामिबियाच्या वाळवंटात दिवसा ऊन चांगलं असतं, पण पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो. मी पहिल्या खेपेला दोन सुती चादरी नेल्या होत्या. तीन रात्री सगळे कपडे अंगावर चढवून झोपलो, मग एका स्वयंपाकीण बाईंनी कीव येऊन घोंगडी दिली.

प्लगचंही तसंच. केनिया, टांझानिया, युगांडा, झांबिया इथे ब्रिटिश पद्धतीचं तीन चौकोनी पिनांचं सॉकेट असतं, त्यामुळे अडॅप्टर लागतो. दक्षिण आफ्रिकेत मात्र आपल्या गीझरचा तो जाड गोल पिनांचा मोठा प्लग चालतो. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात लहान-मोठ्या पिनांचा जो कन्व्हर्टर मिळतो, तो तिथे कामाला येतो. महागाचा ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर नेमका तिथेच दगा देतो, कारण पुष्कळ अडॅप्टरांत ही जाड पिन नसते.

धुणं बाहेर वाळवून तसंच अंगात घालणं

यावर जरा थांबतो, कारण हे कुणी सांगत नाही. आफ्रिकेच्या उष्ण भागात टुंबू नावाची माशी असते. काही ठिकाणी तिला आंब्याची माशी किंवा पुत्सी म्हणतात. ती सावलीतल्या ओलसर मातीत अंडी घालते आणि सावलीत वाळत घातलेल्या दमट कपड्यांवरही. अंड्यातून निघालेली अळी कातडीत शिरते आणि फोडासारखी गाठ येते. गाठीच्या मध्ये बारीक छिद्र असतं, कारण अळीला श्वास घ्यायचा असतो. आमच्यातल्या एका पुणेकराच्या कमरेवर ओळीनं चार आल्या, बरोबर चड्डीच्या इलॅस्टिकच्या रेषेवर. त्यानं आठवडाभर घामोळ्याची पावडर लावली.

उपाय इस्त्री. प्रत्येक कपड्याला, दोन्ही बाजूंनी, शिवणी आणि इलॅस्टिकसकट. टॉवेल आणि अंतर्वस्त्रं सुटता कामा नयेत. वीज नसेल तर कोळशाची इस्त्री असते, मागा. तीही नसेल तर कपडे खोलीतच, जाळी लावलेल्या खिडकीशी, पूर्ण कोरडे होईपर्यंत वाळवा. गाठ आलीच तर पिळू नका. छिद्रावर व्हॅसलीनचा जाड थर द्या, हवा बंद झाली की अळी वर येते. मग दवाखान्यात जाऊन काढून घ्या.

आणखी दोन लहानशा गोष्टी. काळ्या-केशरी पट्ट्यांचा मुंगीएवढा किडा अंगावर बसला तर चापटी मारू नका. तो ‘नैरोबी फ्लाय’. तो चिरडला की त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजल्यासारखी होते. फुंकर मारून उडवा आणि जागा साबणानं धुवा. आणि अंगणात अनवाणी फिरू नका. मातीतला जिगर नावाचा पिसू पायाच्या बोटांत घर करतो.

मच्छरदाणी ‘लावलेली’ आहे म्हणजे झालं, असं धरून चालणं

मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. मच्छरदाणी झोपताना सोडून उपयोग नाही. अंधार पडायच्या आत सोडा आणि कडा गादीखाली खोचा. झोपेत कोपर जाळीला टेकलं तर डास बाहेरून चावतो. म्हणून पलंग अरुंद आणि जाळी तोकडी असेल तर पहिल्याच दिवशी मोठी मागा. सुई-दोरा जवळ ठेवा, भोकं असतातच. औषध लावलेली जाळी उन्हात वाळवायची नसते, औषध उतरतं. तिला फार वेळा धुऊही नये.

कुटुंबात राहताना पाहुणा बनून बसणं

स्वाहिली बोलणाऱ्या घरात गेलात की पहिला गोंधळ नात्यांचा. तिथे ‘काका’ म्हणजे भाऊ, ‘दादा’ म्हणजे बहीण आणि ‘मामा’ म्हणजे आई. बाबा मात्र बाबाच. घरच्या मोठ्या मुलाला लाडानं ‘दादा’ म्हणालात तर सगळं घर हसेल. हसू द्या, ओळख लवकर होते. दुसऱ्याच्या दारात ‘होडी’ म्हणून हाक द्यायची आणि ‘करीबू’ ऐकू आल्यावरच आत जायचं. टांझानियात थोरामोठ्यांना ‘शिकामो’ म्हणावं. आपल्या वाकून नमस्काराच्या जागी तो शब्द आहे. नुसतं ‘जांबो’ हे पर्यटकांचं झालं.

वेळेचा घोटाळा याहून महागात पडतो. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. ‘सा मोजा’, म्हणजे एक वाजता, याचा अर्थ सकाळचे सात. गाडी ‘दोन वाजता’ निघणार असं कळून तुम्ही जेवून आरामात आलात, तर ती सकाळी आठलाच गेलेली असते. आपले आजोबा ‘दिवस कासराभर वर आला’ म्हणायचे, तसाच हा हिशेब. फॉर्मवर कुठलं घड्याळ आणि बोलण्यात कुठलं, हे विचारून घ्या.

जेवणाचं. रोजचं अन्न म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाचं घट्ट उकडलेलं पिठलं म्हणा हवं तर. सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी. तिच्या नावाचा अर्थच ‘आठवडा ढकला’. मक्याचे दाणे आणि घेवडा एकत्र शिजवलेलं गिथेरी किंवा नुसता घेवडा असेल तर शाकाहारी माणसाचं उत्तम भागतं. पण ‘मी व्हेज’ या शब्दाला तिथे अर्थ नाही. ‘सिली न्यामा’, मांस खात नाही, एवढंही पुरत नाही, कारण न्यामा म्हटलं की बोकड आणि गाय डोळ्यांसमोर येतात. ‘सिली न्यामा, वाला कुकू, वाला समाकी’ म्हणा, म्हणजे कोंबडी आणि मासेही आले. हे आधी, संस्थेमार्फत कळवा. पाहुण्यासाठी कापलेली कोंबडी ताटात आल्यावर सांगणं हा त्या घरावर अन्याय आहे. त्या महिन्यातली ती एकच कोंबडी असू शकते.

मेतकूट, गोडा मसाला, लोणचं जरूर न्या, पण दुकानाच्या कॅरीबॅगांत गुंडाळून नको. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि कायद्यातली कमाल शिक्षा ४ वर्षं कैद किंवा ४० लाख शिलिंग दंड. टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, रवांडात तर २००८ पासून. कारखान्यातून सीलबंद आलेलं पाकीट वेगळं. घरी भरायचं असेल तर कापडी पिशव्या आणि डबे वापरा.

अंतर्वस्त्रं आपली आपण धुवा. बाकी कपडे कुणी धुऊन देईल, पण ती देणं अनेक घरांत अपमानाचं मानतात. पाणी डोक्यावरून आणलेलं असतं, आंघोळ एका बादलीत उरका. त्या कुटुंबाला तुमच्या शुल्कातले किती पैसे मिळतात, हेही संस्थेला विचारा. उत्तर टाळलं जात असेल तर त्या घरात तुमची दुसरी पोळी आणि तिसरा चहा कुणाच्या खिशातून येतो, हे लक्षात ठेवून वागा.

तंबूत खाऊ ठेवणं

बबून माकडांना चेन उघडता येते. नाही उघडली तर ते कापड फाडतात. संत्र्याचा वास हत्तीला लांबूनही लागतो. बिस्किटाचा पुडासुद्धा तंबूत नको, सगळं स्वयंपाकघराच्या कुलूपबंद पेटीत. बूट बाहेर ठेवू नका, तरस चामडं पळवतो. आत ठेवले तरी घालण्याआधी झटका, विंचू बसलेला असतो. कुंपण नसलेल्या तळावर रात्री तंबूबाहेर एकट्यानं पडायचं नाही, संडासालासुद्धा. पहारेकऱ्याला, म्हणजे अस्करीला, टॉर्चनं बोलवायचं. लाज वाटून परस्पर जाणारेच हिप्पोच्या वाटेत येतात. म्हणून संध्याकाळी पाचनंतर चहा कमी प्या, हा माझा वैयक्तिक नियम.

दक्षिणेकडच्या तळांवर गरम पाण्यासाठी ‘डाँकी’ असतो. लोखंडी पिंप, खाली लाकडं. आपला बंबच. गाढव शोधत फिरू नका.

बछड्यांच्या आणि बाळांच्या शेजारी खोली मिळते म्हणून खूश होणं

कुनोमध्ये १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून ८ चित्ते आले, तेव्हापासून आपल्याकडे या कामाची चौकशी वाढली आहे. चांगलंच आहे. पण ‘सिंहाच्या छाव्याला बाटलीनं दूध पाजा, तो तुमच्या खोलीत झोपेल’ असं कुणी म्हणत असेल तर जाऊ नका. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत असे पिंजऱ्यातले सिंह पुढे पैसे घेऊन शिकारीसाठी दिले गेले आहेत, आणि २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं हा बंदिस्त सिंहांचा धंदा बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. अनाथाश्रमाच्या आवारात राहून दोन आठवडे मुलांचा लळा लावून घेण्याचंही तसंच. कुठलीही ओळख-पडताळणी न करता परक्या माणसाला मुलांच्या शेजारी झोपू देणारी संस्था मुलांचं काय भलं करणार? अशा अनेक ठिकाणच्या मुलांचे आईवडील हयात असतात.

बिनसल्यावर गप्प बसणं, किंवा थेट घरमालकिणीवर चिडणं

पहिल्या तीन दिवसांत बोला आणि संस्थेच्या समन्वयकाशी बोला. तक्रारीपेक्षा वस्तू मागा. ‘खूप घाण आहे’ यातून काही निघत नाही. ‘झाकणाची एक बादली, कडीला कुलूप आणि मोठी मच्छरदाणी हवी’ हे दुपारपर्यंत होऊन जातं. कुलूप घरूनच नेलेलं बरं. रात्री दारावर नको असलेली थाप पडली, कुणी अंगचटीला आलं, तर मात्र समजूतदारपणा नको. त्याच दिवशी जागा बदला. एका रात्रीच्या लॉजचे पैसे एम-पेसात (तिथलं मोबाइलवरचं पैशांचं खातं) किंवा रोख, संस्थेला न विचारता खर्च करता येतील असे, कायम बाजूला ठेवा. यूपीआयवर विसंबू नका.

घरी पोहोचलो म्हणजे संपलं, असं मानणं

केनिया-युगांडासारख्या देशांतून परतताना पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड हातात लागतं. लस घेतल्यावर १० दिवसांनी ते ग्राह्य होतं. कार्ड नसेल तर मुंबईत उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिथे तारखा लवकर भरतात.

मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायची गोळी कुठली हे डॉक्टर ठरवतील, पण ती विमानतळावर बंद करायची नसते. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर ४ आठवडे चालते, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ७ दिवस. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून क्रोसिन घेऊन झोपू नका. आफ्रिकेतला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरमचा, म्हणजे सर्वांत घातक प्रकारचा असतो आणि तो एक-दोन दिवसांत गंभीर होऊ शकतो. दवाखान्यात केस पेपर काढतानाच सांगा: आफ्रिकेत राहून आलोय, रक्त आजच तपासा.