बाळाला घेऊन अमेरिकेला जाताय? तिकीट काढायच्या आधी हे बघा

नवरा न्यू जर्सीत आणि मी पुण्यात, त्यामुळे लेक नऊ महिन्यांची असताना मी तिला घेऊन एकटी गेले, आणि त्यानंतर आमच्या नात्यातल्या, ओळखीतल्या ज्या ज्या मुली बाळ घेऊन निघतात त्या सगळ्या मलाच विचारतात की कोणती एअरलाइन चांगली गं. मी सगळ्यांना आधी उलट विचारते, बाळ किती महिन्यांचं आहे आणि बरोबर कोण आहे? ह्या दोन गोष्टी कळल्या की अर्धा निर्णय तिथेच होतो.

बाळ चार-पाच महिन्यांचं, नुसतं दूध पिऊन झोपणारं असेल तर मुंबईहून नॉनस्टॉप बघा, न्यूयॉर्कला साधारण सोळा तास लागतात पण एकदा बसलात की बसलात. एकटी आई असेल तरीही मी नॉनस्टॉपच सांगेन, कारण मधल्या एअरपोर्टवर पुन्हा सिक्युरिटी, कडेवर बाळ, खांद्यावर डायपरची बॅग, आणि लॅपटॉप काढा पाणी काढा हे सगळं एका हाताने. पण बाळ रांगायला किंवा चालायला लागलं असेल आणि दोघं मोठे बरोबर असाल तर मध्ये ब्रेक हवाच, आणि तो ब्रेक कुठे येतो ते नीट बघा. दुबईमार्गे गेलात तर पहिला टप्पा तीन-साडेतीन तासांचा आणि मग दुबई-न्यूयॉर्क चौदा तास, म्हणजे बाळ जेमतेम झोपलं की उतरायचं आणि खरा मोठा प्रवास पुढेच. फ्रँकफर्टमार्गे दोन्ही टप्पे साधारण नऊ-नऊ तासांचे, मला हे बाळासाठी जास्त बरं वाटतं. मात्र युरोपमार्गे जाताना तुमच्या पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते पैसे भरायच्या आधी बघा. मधला वेळ अडीच ते चार तास ठेवा, दीड तासाचं कनेक्शन स्वस्त मिळालं तरी नको.

आता बॅसिनेट, म्हणजे भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत लावतात तो छोटा पाळणा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. प्रत्येक एअरलाइनची मर्यादा वेगळी असते, एमिरेट्सची 11 किलो आणि 75 सेंमी, लुफ्तान्साची 14 किलो आणि 83 सेंमी, त्यामुळे गुटगुटीत बाळाच्या बाबतीत एवढ्या एका गोष्टीवर एअरलाइन ठरू शकते. आज नाही, प्रवासाच्या दिवशी बाळ किती वजनाचं असेल तो अंदाज धरा, परतीचाही. पाळणे मोजकेच असतात म्हणून तिकीट काढल्या काढल्या एअरलाइनला स्वतः फोन करा. मी ट्रॅव्हल साइटवरून तिकीट काढलं, तिथे बॅसिनेटवर टिक केली आणि निवांत राहिले, चेक-इनला गेले तर कळलं रिक्वेस्ट पोचलीच नव्हती, मग नऊ किलोची लेक अख्खा प्रवास मांडीवर, माझे पाय सुन्न आणि ती रडून रडून लाल. तेव्हापासून मी कोडशेअरचं तिकीट असेल, म्हणजे विकलं एका कंपनीच्या नावाने पण विमान दुसऱ्याच कंपनीचं, तर विमान प्रत्यक्षात कोण उडवतंय ते बघून त्याच कंपनीला फोन करायला सांगते, ज्या कंपनीच्या नावाने तिकीट आहे तिला नाही. आणि हेही माहीत असू दे की टेकऑफ-लँडिंगला पाळणा वापरता येत नाही, आणि सीटबेल्टची खूण लागली की बहुतेक ठिकाणी झोपलेलं बाळ उचलून घ्यावं लागतं.

विमान कोणतं आहे तेही बुकिंग करताना दिसतं, ते वाचा. एअरबस ए350 किंवा बोइंग 787 मिळत असेल तर मी थोडे पैसे जास्त देईन, आत हवेचा दाब जमिनीच्या जास्त जवळचा ठेवतात, हवाही कमी कोरडी असते, आपल्यालाच इतका फरक जाणवतो तर बाळाला जाणवणारच.

पैशाचं म्हणाल तर दोन वर्षांखालच्या मांडीवरच्या बाळाचं भाडं मोठ्यांच्या साधारण 10 टक्के असतं. पण अमेरिकेत असताना दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला पूर्ण सीट घ्यावी लागते, हे धरूनच तुलना करा. दीड वर्षाच्या पुढचं चळवळं मूल असेल आणि परवडत असेल तर मी आधीच सीट घ्या म्हणेन. बाळाचं सामान कोणी एक 23 किलोची बॅग देतं, कोणी फक्त 10 किलो, स्ट्रोलर बहुतेक ठिकाणी फुकट. फक्त विमानाच्या दारात दिलेला स्ट्रोलर मधल्या एअरपोर्टवर हातात मिळेलच असं नाही, तो कधी कधी थेट शेवटीच येतो, म्हणून पोटाशी बांधायचा कॅरियर हवाच.

खायचं मात्र एअरलाइनच्या भरवशावर ठेवू नका. बेबी मील आधी सांगून ठेवा, पण डब्यात भाजलेल्या पोह्यांची पूड न्या, विमानात गरम पाणी मागितलं की देतात, दोन मिनिटांत पातळ पेज तयार. माझ्या लेकीने चौदा तासांत तेवढंच काय ते पोटभर खाल्लं.

आणि निघायच्या दोन-तीन दिवस आधी पुन्हा एक फोन, बॅसिनेट आणि सीट नंबर दोन्ही बोलून पक्कं करा, फोनवर कोण बोललं त्यांचं नाव लिहून ठेवा.