बंगल्याभोवतीची बाग: आधी सावली आखा, मग शैली ठरवा

बागेचं काम काढलं की लोक मोबाइलमधला फोटो पुढे करतात. "अगदी अश्शी हवी." फोटोतल्या अंगणात ऊन कुठून येतं, हे कुणी बघितलेलं नसतं. पुणे परिसरात बंगल्यांच्या बागा करता करता मी एक नियम करून टाकलाय: कागदावर ऊन-पाणी उतरल्याशिवाय शैलीचं नाव काढायचं नाही.

मोजमाप तुम्हाला जमेल. चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक फूट धरा. ड्रेनेजचे चेंबर आणि जमिनीखालची टाकी तेवढी विसरू नका.

पाण्यासाठी एकच काम. मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि जिथे तुंबतं तिथे खुंटी ठोका. त्या जागी पुढे आळू किंवा कर्दळ मजेत वाढते.

आता सावली. इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. सुरुवातीच्या काळात एका बंगल्याच्या उत्तरेच्या दहा फुटी पट्ट्यात मी मे महिन्यात लॉन अंथरलं. डोक्यावर रणरणतं ऊन होतं, म्हणून निर्धास्त होतो. जानेवारीत लॉन पिवळं पडून विरळ झालं, पुढच्या पावसाळ्यात तिथे शेवाळ धरलं. सगळं उचलून पुन्हा केलं, स्वतःच्या पैशाने.

कारण साधं आहे. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीलाही ऊन लागतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र तो दक्षिणेला इतका उतरतो, की दुपारी साडेबारालाही दहा फूट उंचीची सावली नऊ फूट पडते. नागपूरला तर जवळजवळ उंचीइतकीच. म्हणजे पुण्यात वीस फुटी घराची सावली उत्तरेला अठरा फूट. तो दहा फुटी पट्टा ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत दुपारच्या उन्हाला मुकतो.

म्हणून "एका रविवारी दिवसभर ऊन बघा" हा सल्ला मला पटत नाही. एका रविवारचं ऊन त्या रविवारापुरतं असतं. घराची उंची पॅरापेटसकट, म्हणजे गच्चीच्या कठड्यासकट मोजा, दहाला नऊ या हिशेबाने उत्तरेला फक्कीची रेघ मारा. शेजारच्या इमारतीचीही मारा. दक्षिणेला तीन मजली इमारत असेल, तर तिची सावली तुमचं अख्खं अंगण खाऊ शकते. रेघेच्या आत मोगरा, गुलाब, लॉन नको. पण ती जागा नुसत्या नेच्यांनीही भरू नका, मेमध्ये करपतील. तिथे मी सोनटक्का लावतो. तो पावसाळ्यात फुलतो आणि थंडीत मलूल होऊन झोपतो, म्हणजे त्या पट्ट्याच्या वेळापत्रकात बरोबर बसतो. सोबत अबोली, तगर, कुंती.

एवढं झालं की शैली निम्मी ठरलेली असते. उरलेली निम्मी कात्री कोण धरणार त्यावर. सरळ रेघांची, छाटलेल्या कुंपणाची बाग पावसाळ्यात दर पंधरवड्याला हात मागते. माळी महिन्यातून एकदा येत असेल तर तिचं नाव सोडा. जपानी बाग आवडत असेल तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जरूर जा, पण ते जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून प्रेरित आहे आणि दहा एकरांवर पसरलंय. दीड गुंठ्यात तिथला पूल आणि दगडी दिवा आणून ठेवला, तर रोपवाटिकेचं दुकान वाटतं. तिथून एक वळणाची पायवाट उचला, बस.

माझं मत विचाराल तर लहान अंगणाला आपली परसबागच शोभते. दारात पारिजातक, उन्हात जास्वंद-मोगरा, मागे कढीपत्ता, गवती चहा, बसायला एक कट्टा. लॉन हवंच असेल तर सतरंजीएवढं, पूर्ण उन्हात. गुलमोहर, वड-पिंपळाच्या जातीची झाडं भिंतीजवळ अजिबात नकोत.

मग कामाचा क्रम: नळ आणि वायरिंगचे पाइप, पायवाट, माती-शेणखत, शेवटी झाडं. पायवाटेखाली काळी माती असेल तर ती काढून मुरूम भरून ठोकून घ्या, नाहीतर उन्हाळ्यात भेगाळून आणि पावसात फुगून ती फरशा हलवते. फरशीखालून एक रिकामा पाइपही आडवा टाकून ठेवा. ठिबकची नळी हमखास नंतर आठवते.