फायर मॉडेलची परीक्षा घेण्याआधीची तयारी

दोन फायर मॉडेल, म्हणजे आग आणि धूर कसा पसरेल याचा हिशोब करणारी सॉफ्टवेअर, शेजारी ठेवून तपासायची असतील, तर कॉम्प्युटर सुरू करण्याआधी कागदावर प्रश्न लिहून काढा. 'मॉडेल चांगलं आहे का' हा प्रश्न कामाचा नाही. दारातून किती हवा आत-बाहेर जाते, छताखाली साचलेला गरम धुराचा थर जमिनीपासून किती उंचीवर राहतो, त्याचं तापमान किती, धुरातून किती लांबचं दिसतं, यातलं नेमकं काय हवंय ते लिहा. एकच मॉडेल तापमानात खरं उतरतं आणि धुरात साफ चुकतं, असं अनेकदा होतं. एएसटीएम या मानकसंस्थेचं ई १३५५ हे मूल्यमापनाचं मानकसुद्धा मॉडेल ठरावीक वापरासाठी तपासायला सांगतं.

मग ज्याच्या मोजमापांशी मॉडेलचं उत्तर ताडून बघायचं, तो प्रयोग निवडा. नव्याने शिकणाऱ्याला मी नेहमी स्टेक्लरची खोली सुचवतो. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये, म्हणजे आजच्या 'निस्ट'मध्ये, स्टेक्लर, क्विंटिअर आणि रिंकिनेन यांनी केलेल्या ५५ प्रयोगांचा अहवाल १९८२ साली आला. २.८ मीटर बाजूची चौरस खोली, आतून सिरॅमिक फायबर, एक मिथेन बर्नर, आणि दर वेळी बदललेलं दार किंवा खिडकी. सगळं स्थिरावल्यावर दारातला वेग आणि तापमान मोजलेलं. आगीची ताकद बर्नरमधून सोडलेल्या गॅसवरून ठरते, त्यामुळे उत्तर चुकलं तर 'आगच वेगळी होती' ही सबब उरत नाही.

आता मेश, म्हणजे हिशोबासाठी खोलीचे पाडलेले छोटे ठोकळे; त्यातला एक ठोकळा म्हणजे सेल. इथे घाई करू नका, बहुतेक चुका इथेच दडलेल्या असतात. समजा ६२.९ किलोवॉटची आग घेतली आणि दार ७४ सेंटीमीटर रुंद, १८३ सेंटीमीटर उंच आहे. या आगीचा वैशिष्ट्यपूर्ण व्यास, म्हणजे ताकदीवरून काढलेलं तिचं आकारमान, ज्याला आपण डी-स्टार म्हणतो, साधारण ३२ सेंटीमीटर येतो. सेल १० सेंटीमीटरचा धरला तर त्या व्यासात जेमतेम तीन सेल बसतात, ५ चा धरला तर सहा. आता दाराकडे बघा. एफडीएस हे मेशवर चालणारं फायर मॉडेल भिंती आणि उघडी जागा सेलच्या रेषेवर सरकवतं, म्हणून १० सेंटीमीटरच्या मेशमध्ये तेच दार ७० बाय १८० होऊन बसू शकतं. क्षेत्रफळ गुणिले उंचीचं वर्गमूळ, हा हवेच्या येण्याजाण्याचा हिशोब, तेवढ्यानेच ८ टक्क्यांच्या आसपास घटतो. मग प्रवाह कमी आला म्हणून टर्ब्युलन्स मॉडेलला, म्हणजे हवेच्या भोवऱ्यांच्या हिशोबाला, दोष देत बसण्यात अर्थ नाही. निदान तीन मेश तयार ठेवा, आणि सेल निम्मा केला की वेळ सुमारे सोळापट लागतो हे गृहीत धरूनच तारीख कबूल करा. मेश दाराच्या बाहेरही पुरेशी वाढवा, मेशची उघडी सीमा, जिथून हवा मुक्तपणे ये-जा करते, ती थेट चौकटीवर आणू नका.

सीफास्टसारखं झोन मॉडेल तुलनेत असेल तर त्याला वरचा गरम आणि खालचा थंड असे दोनच थर कळतात, एफडीएसला प्रत्येक उंचीवरचं तापमान. एफडीएसचा छताजवळचा एक आकडा उचलून सीफास्टच्या वरच्या थराशी लावला तर ती तुलनाच नव्हे. प्रयोगातल्या थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या, नोंदी आणि एफडीएसचं उत्तर, दोन्ही एकाच पद्धतीने दोन थरांत उतरवा. ती पद्धत आधीच ठरवून टाका.

प्रयोगाच्या मोजमापातही चूक असते, तिचा आकडा हाताशी हवा. अमेरिकेच्या अणु-नियामक आयोगाने आणि ईपीआरआय या वीज-संशोधन संस्थेने २००७ साली पाच मॉडेलं तपासली, तेव्हा गरम थराच्या तापमानवाढीसाठी १४ टक्के आणि धुराच्या प्रमाणासाठी ३३ टक्के अनिश्चितता धरली होती. तापमानवाढ ढोबळमानाने आगीच्या ताकदीच्या दोन-तृतीयांश घातांकाने बदलते, म्हणजे ताकद मोजण्यात १५ टक्के चूक असेल तर तापमानात १० टक्के आलीच. या अनिश्चिततेच्या पट्ट्याच्या आतल्या फरकावरून कोणालाही पहिला-दुसरा नंबर देऊ नका.

धूर तपासायचा असेल तर स्टेक्लर बाजूला ठेवा, मिथेनपासून काजळी जवळपास होतच नाही. त्यासाठी निस्टने केलेले, केबल ठेवलेल्या २१.७ मीटर लांब, ७.१ मीटर रुंद आणि ३.८ मीटर उंच खोलीतले हेप्टेन या द्रव इंधनाचे प्रयोग घ्या. दार बंद असतानाच्या प्रयोगांत मॉडेलं मोजलेल्यापेक्षा जास्त धूर दाखवतात. दृश्यमानतेची, म्हणजे धुरातून पाटी किती लांबून दिसते याची, तुलना करताना तिच्या सूत्रात प्रकाश परावर्तित करणाऱ्या पाटीसाठी ३ आणि स्वयंप्रकाशित पाटीसाठी ८ यांपैकी कुठला स्थिरांक वापरला, ते दोन्ही मॉडेलांच्या नोंदीत लिहा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आगीची ताकद तुम्हाला दिलेली आहे की तुम्ही ठरवणार आहात, हे आधी स्पष्ट करा. २००६ साली ग्लासगोच्या डालमारनॉकमध्ये एका उंच इमारतीतल्या खऱ्या फ्लॅटमध्ये आग लावली गेली. फर्निचर आणि खोलीची सविस्तर माहिती गटांना दिली होती, निकाल मात्र झाकून ठेवला होता. दहा उत्तरं आली, त्यातली आठ एफडीएसची. एकच सॉफ्टवेअर, एकच माहिती, तरी उत्तरं चहूकडे विखुरली, कारण सोफ्यावरची आग कशी वाढेल हे ज्याने त्याने आपल्या अंदाजाने भरलं होतं. तेव्हा तुलनेचा आलेख उघडण्याआधी तुमच्या इनपुट फाइलवर तारीख घालून ती सहकाऱ्याकडे द्या. नंतर काही बदललंत तर तो रन 'निकाल पाहून केलेला' अशा वेगळ्या रकान्यात जाईल.

बेसमेंट पार्किंगचं काम करणाऱ्यांनी आणखी एक तपासावं: ज्योतीची उंची आणि छताची उंची यांचं गुणोत्तर, आगीला मिळणारी हवा, जेट फॅनचा, म्हणजे धूर ढकलणाऱ्या पंख्याचा, वेग, हे सगळं तुलनेसाठी निवडलेल्या प्रयोगाच्या मर्यादेत बसतं का. स्टेक्लरच्या खोलीत पंखाच नव्हता, म्हणून तिथलं यश जेट फॅनच्या अहवालाला पुरावा म्हणून जोडू नका. सोबत सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक आणि मूळ इनपुट फाइल द्या. आवृत्ती बदलली की निवडलेले सगळे प्रयोग पुन्हा चालवायचे, याचा वेळ प्रकल्पाच्या कोटेशनमध्येच धरा.