गादी सरकली? निदान या चुका तरी टाळा

पहिली चूक नावातच आहे. ‘गादी सरकली’ म्हटलं की ती ‘परत बसवून देणारा’ माणूस शोधायला सगळं घर लागतं. पण दोन मणक्यांमधली ही गादी (डिस्क) सरकत नाहीच. वरच्या-खालच्या मणक्यांना ती घट्ट चिकटलेली असते. तिच्या बाहेरच्या चिवट कड्याला चीर जाते आणि आतला मऊ गर बाहेर येतो, उकडताना मोदक फुटून सारण यावं तसा. हा गर शेजारची नस दाबतो, शिवाय तिला सूजही आणतो. पाठ तुडवून सारण आत जाणार कसं? माझ्या कंबरेवर एकाने पाय दिला होता. कट्ट आवाज झाला, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी कळ पोटरीत.

पोटरीत का? बहुतेकदा बिघडतात त्या कंबरेतल्या शेवटच्या दोन गाद्या, आणि तिथल्या नसा थेट पावलापर्यंत जातात. म्हणून शिंकलं तरी पायात वीज चमकते. पायाला तेल चोळण्यापेक्षा कळ कुठपर्यंत उतरते ते रोज बघा. पावलातली कळ वर चढून कंबरेशी थांबली, तर कंबर जरा जास्त दुखली तरी ते चांगलंच लक्षण. खाली उतरत चालली, तर आज काय केलं ते आठवा.

एमआरआयचा कागद वाचून हाय खाऊ नका. काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के. रिपोर्ट आणि दुखणं जुळतंय का, हे डॉक्टर पाय उचलून, चवड्यावर-टाचेवर चालवून ठरवतात. तो कागद व्हॉट्सॲपवर फिरवून काही कळत नाही.

अंथरूण धरायचं ते फार तर एक-दोन दिवस. मग थोडं थोडं चालायचं, दुखणं वाढणार नाही इतपत. बऱ्याच जणांची कळ ६ ते १२ आठवड्यांत ओसरते, कारण बाहेर आलेला गर शरीर हळूहळू जिरवतं. मोठा तुकडासुद्धा.

सकाळची घाई मात्र नडते. रात्रभर आडवं पडल्यावर गाद्या पाणी शोषून टम्म होतात. नेमकं तेव्हाच आपण बेसिनवर वाकतो, भरलेली बादली उचलतो. पहिला तासभर गुडघ्यात वाका, कंबरेत नको.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘बघू उद्या’. चालताना पाऊल उचलत नाही, चप्पल नकळत निसटते, तर डॉक्टरांकडे जायला उशीर नको. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतलं बळ गेलं, तर यातलं एक जरी दिसलं तरी रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा.