बॉगवर उतरण्याआधी

मॅसॅच्युसेट्सच्या आग्नेय कोपऱ्यात, वेअरहॅम-कार्व्हरच्या पट्ट्यात क्रॅनबेरी या आंबट लाल फळाचा हंगाम करायला येणार असाल, तर गमबूट आणि जाड जॅकेट यांच्याआधी एक गोष्ट हाताशी ठेवा: ज्या बॉगवर काम करायचं त्याचा पाण्याचा नकाशा. बॉग म्हणजे मुळात दलदल. खाली पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर, वर वाळूचे थर, चहूबाजूंनी चर आणि पाणी आत-बाहेर सोडायला फ्ल्यूम, म्हणजे फळ्या घालून अडवलेलं दार. तळ्यातलं पाणी कुठून आत येतं, कुठल्या फ्ल्यूममधून बाहेर पडतं आणि पुढे कोणत्या ओढ्याला मिळतं, हे पेन्सिलीने काढून बघा. इथले ओढे वेअरहॅम आणि वीवीअँटिक या नद्यांना मिळतात आणि थोड्याच मैलांत बझर्ड्स बेच्या खाडीत जातात. ओढा थेट बॉगमधूनच वाहत असेल तर नकाशावर तिथे लाल खूण करा. तुमची बहुतेक डोकेदुखी त्याच बॉगवर असणार. मालकाने ओढ्यासाठी बाजूने वेगळा कालवा काढला असेल तर निम्मी लढाई जिंकलीच म्हणायची.

बॉगवर टाकलेल्या खतातलं नत्र याच पाण्याबरोबर खाडीत जाऊ शकतं. खाडीची एवढी काळजी का, हे नीट समजून या, कारण गावात कोणी ना कोणी विचारणारच. गोड्या पाण्याच्या तळ्यात शेवाळ फोफावतं ते बहुतेक वेळा स्फुरदावर (फॉस्फरस). खाऱ्या पाण्यात मात्र नत्रावर (नायट्रोजन). खाडीत नत्र वाढलं की ईलग्रास या समुद्री गवताच्या पात्यांवर शेवाळाचा थर बसतो, ऊन आत पोचत नाही आणि गवत मरतं. स्कॅलप नावाच्या शिंपल्यांची पिल्लं त्याच गवतात वाढतात. केप कॉडच्या बहुतेक खाड्यांत सगळ्यात जास्त नत्र येतं ते घरांच्या सेप्टिक टाक्यांमधून, हेही लक्षात ठेवा. पण वाद घालायला वापरू नका. शेजाऱ्याची टाकी आपल्या हातात नाही, फळ्या आहेत.

आता खत. आपल्याकडून शेती शिकून येणाऱ्याचा हात सैल असतो, तो इथे आवळायला लागतो. अर्ली ब्लॅक आणि हॉज या जुन्या जातींना वर्षभरात एकरी 20 ते 30 पौंड नत्र, म्हणजे 9 ते 14 किलो, एवढंच पुरतं. स्टीव्हन्ससारख्या संकरित जाती त्याहून जास्त मागतात. हे झुडूप आम्लधर्मी मातीतलं. त्याला नत्र अमोनियमच्या रूपातच चालतं, नायट्रेटचं खत नको. भातशेतीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, तिथेही हाच न्याय. मात्रा एकदम द्यायची नाही. कोवळी पालवी फुटताना (इथली माणसं त्या अवस्थेला रफनेक म्हणतात), फुलोऱ्यात, फळ धरताना आणि पुढच्या वर्षीचे डोळे तयार होताना, अशी वाटून द्यायची. आणि दर वेळी खत देण्याआधी मातीत थर्मामीटर खुपसा. माती 21 अंश सेल्सिअसच्या वर गेली की पीट स्वतःच नत्र सोडायला लागतं. मग पिशवी उघडण्याची घाई नको. उभ्या फांद्या लांब, गर्द हिरव्या आणि लुसलुशीत दिसू लागल्या तर खूश होऊ नका. ते जास्त नत्राचं लक्षण आहे, फळ कमी लागेल.

पहिल्या हंगामात मी स्प्रेडर, म्हणजे खत पसरवायचं यंत्र, चराच्या काठाकाठाने नेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या रंगाच्या पाण्याखाली पांढरे दाणे साबुदाण्यासारखे पसरलेले दिसले. मुकादम काही बोलला नाही, नुसता फ्ल्यूमकडे बघत राहिला. तेव्हापासून कडेच्या पट्ट्यात मी स्प्रेडर नेत नाही, हाताने टाकतो. खत टाकण्याआधी हवामान बघा. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर थांबा. फ्ल्यूमच्या फळ्या आदल्या दिवशीच तपासा, फटींतून पाणी झिरपत असेल तर बुजवा, आणि खत टाकल्यावर काही दिवस दार बंद ठेवा. खत स्प्रिंकलरमधून देणार असाल तर नोझल साफ करून, सगळीकडे सारखं पाणी पडतंय ना, हे आधी बघा. वसंतात हिमकडाक्याच्या रात्री कळ्या वाचवायला हेच स्प्रिंकलर रात्रभर चालवावे लागतात. म्हणून अशी रात्र समोर दिसत असताना खत देऊ नका.

ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उभ्या फांद्यांचे शेंडे तपासणीला पाठवा. नत्र 0.9 ते 1.1 टक्के आलं तर ठीक. त्याहून जास्त आलं तर पुढच्या वर्षीची मात्रा आताच वहीत कमी करून ठेवा. शंका असेल तर ईस्ट वेअरहॅमला विद्यापीठाचं क्रॅनबेरी संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन विचारा.

सुगीला बॉगमध्ये पाणी भरतात, फळं तरंगतात, फोटो छान येतात. फळं गोळा झाल्यावर मात्र दार उघडायची घाई करू नका. पानं, काडीकचरा आणि गाळ खाली बसायला दोन-तीन दिवस द्या, मग वरची फळी आधी काढून पाणी हळूहळू सोडा. पण आठवडाभराहून जास्त रेंगाळूही नका. पाण्यातला प्राणवायू संपला की मातीतलं स्फुरद सुटतं आणि खालच्या तळ्यांना त्रास होतो. जमलं तर ते पाणी ओढ्यात न सोडता पुढच्या बॉगला किंवा साठवण तळ्यात घ्या.

सुट्टीच्या दिवशी प्लिमथजवळचं टिडमार्श बघून या. जुने बॉग होते. चर बुजवून, वाळूचा थर फोडून ओढा पुन्हा मोकळा केला आहे. ओल्या पीटमध्ये जिवाणू नत्राचा वायू करून हवेत सोडतात, ते तिथे उभं राहून चटकन पटतं.

बॅगेत झाकण घट्ट बसणाऱ्या चार बाटल्या, बर्फाची छोटी पेटी आणि पाण्यात न विरघळणारा मार्कर टाका. फळी काढाल त्या दिवशी, फ्ल्यूमच्या आतून एक आणि बाहेरून एक, असे पाण्याचे नमुने तपासणीसाठी घ्या. बाटलीवर तारीख आणि वेळ आधी लिहा. ओल्या हातांनी नंतर लिहिता येत नाही.