मुंबईत बालन्यूरोसायकॉलॉजी शिकायला येताय? कोर्सपलीकडचे काही

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "मॅडम, लहान मुलांच्या मेंदूचे काम करायचे आहे, कोणता कोर्स करू?" मेंदू आणि मुलाचे शिकणे-वागणे यांचा संबंध तपासणारी शाखा म्हणजे बालन्यूरोसायकॉलॉजी. कोर्सचे उत्तर थोडक्यात देता येते, म्हणून ते आधी देते. खरे सांगायचे आहे ते त्यापुढचे. पहिल्या वर्षात चाचण्या पाठ करण्यापेक्षा मुलाची हकिगत घेणे आणि त्याला काम करताना बघणे यावर जास्त वेळ घालवा, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे न्यूरोसायकॉलॉजिस्ट म्हणून वेगळी नोंदणी नाही. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंद करते. बालन्यूरोसायकॉलॉजी पुढे पोस्टिंग (रुग्णालयातल्या विभागात प्रत्यक्ष काम), सुपरव्हिजन (अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम), पीएचडी यांतून शिकायची. अमेरिकेत 1997 च्या ह्यूस्टन परिषदेनंतर डॉक्टरेटवर आणखी दोन वर्षांची रेसिडेन्सी हा मानक रस्ता ठरला. तिकडची पुस्तके जरूर वाचा, पण तशी शिडी इथे शोधू नका. वर्षानुवर्षे इथला रस्ता दोन वर्षांच्या एम.फिल.चा होता. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झाले, क्लिनिकल सायकॉलॉजीला 2025-26 च्या प्रवेशापर्यंत मुदतवाढ मिळाली, आणि आता आरसीआय-मान्य एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी व साय.डी. (मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट) हे पर्याय पुढे आले आहेत. फी भरण्याआधी त्या संस्थेला त्या वर्षासाठी मान्यता आहे का, हे आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. गुणपत्रिकेवर 'क्लिनिकल' असे छापले म्हणून नोंदणी मिळत नाही, आणि 1992 च्या आरसीआय कायद्यात नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

आता मुलाकडे येऊ.

मोठ्या माणसाला पक्षाघात झाला की त्याच्याकडे आधी असलेले काहीतरी जाते. मुलाच्या बाबतीत जे अजून आलेलेच नाही ते येणार की नाही, हा प्रश्न असतो. पाचव्या वर्षी कपाळाला जबर मार लागलेले मूल वर्षभरात खेळू-बोलू लागते, घरचे निर्धास्त होतात. पाचवी-सहावीत विषय वाढतात, वह्या सांभाळायच्या असतात, उद्याचा अभ्यास आज ठरवायचा असतो, आणि तेव्हा घडी विसकटते. मेंदूचा पुढचा भाग सगळ्यात उशिरा पक्का होतो, त्यामुळे तिथली इजा उशिरा दिसते. शाळेची चिठ्ठी मात्र 'आळशी, लक्ष देत नाही' एवढेच सांगते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळे फॉलो-अप क्लिनिक आहे, तेही याच जाणिवेतून. डोक्याला रेडिएशन मिळालेली मुले पुढे शिकतात, पण कामाचा वेग आणि अवधान मागे पडत जाते, आणि बरोबरीच्या मुलांपासूनचे अंतर वर्षागणिक वाढू शकते. म्हणून एका दिवशीच्या आकड्याला या कामात फारसा अर्थ नाही. मूल कुठून आले आणि कुठे चालले आहे, हे त्यात दिसले पाहिजे.

ते दिसते हकिगतीत. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात आई विरारहून, टिटवाळ्याहून पहाटेची लोकल पकडून येते आणि जुन्या फाइलींनी भरलेली पिशवी टेबलावर ठेवते. पुस्तकी शब्दांत विचारलेत तर तिच्याकडून 'नॉर्मल' एवढेच उत्तर येईल. बाळ लगेच रडले का? काचेच्या पेटीत ठेवले होते का, किती दिवस? कावीळ, साखर कमी होणे? आकडी तापात आली की ताप नसताना? डोक्यात पाणी झाले होते का, नळी टाकली का? हे असे विचारा आणि पिशवीतला डिस्चार्ज कागद स्वतः वाचा. कोणते औषध, किती, कधीपासून, तेही लिहा. आकडीवरच्या औषधांपैकी फेनोबार्बिटोनने मूल सुस्त किंवा चिडचिडे होऊ शकते, टोपिरामेटवर शब्द सुचायला वेळ लागू शकतो. हे ठाऊक नसेल तर औषधाचा परिणाम तुम्ही मुलाच्या बुद्धीच्या खात्यावर लिहाल. चष्मा, कान, रात्रीची झोप, सकाळी काही खाल्ले का, हेही विचारा. उपाशी मुलाची चाचणी सुरू करू नका. आधी बिस्किटाचा पुडा, मग स्टॉपवॉच.

पिशवीत दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट आहे का, तेही पाहा. थोड्याच दिवसांपूर्वी तीच चाचणी झालेली असेल तर सरावाने गुण वाढतात आणि तुमचा आकडा फसवा ठरतो.

चाचण्यांबद्दल. मुंबईत तुमच्या हाती बहुधा बिने-कामत आणि मिसिक या बुद्धिचाचण्या, रोजच्या व्यवहारातली समज मोजणारी व्हाइनलँड, लाकडी आकार खाचांत बसवायचा सेगाँ फॉर्म बोर्ड आणि जिथे पैसे आहेत तिथे विस्क या बुद्धिचाचणीची भारतीय आवृत्ती येईल. मिसिक ही मालिन यांनी नागपुरात 1969 मध्ये तयार केलेली चाचणी. बिने-कामत त्याहून जुनी. जुन्या नॉर्म्सवर (तुलनेसाठी ठरवलेल्या त्या वयाच्या मुलांच्या गुणांवर) आजच्या मुलाचा बुद्ध्यांक खऱ्यापेक्षा जास्त दिसण्याची शक्यता असते, हे रिपोर्ट लिहिताना विसरू नका. न्यूरोसायकॉलॉजीसाठी निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेची 2004 ची मुलांची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, आहे, 5 ते 15 वयोगटासाठी. पोस्टिंगमध्ये ती हाताळायला मिळाली तर सोडू नका.

पण ठोकळ्यांची रचना (नमुना बघून ठोकळे जुळवायची चाचणी) घेताना नजर स्टॉपवॉचवर कमी आणि मुलाच्या हातांवर जास्त ठेवा. एक मूल प्रत्येक ठोकळा नीट फिरवून बघते, आकृती बरोबर जुळवते, पण वेळ संपते. दुसरे भराभर लावते, चौकोनाची बाहेरची चौकटच मोडते, आणि "झालं!" म्हणून वर बघते. दोघांना गुण तेवढेच, मात्र दोघांची अडचण पूर्ण वेगळी. स्कोअरशीटच्या समासात ते तिथल्या तिथे टिपून ठेवा, संध्याकाळी आठवत नाही.

आणि मधेच मूल थांबले तर? काही सेकंद शून्यात बघते, पापण्या फडफडतात, हाक मारली तरी ओ देत नाही, आणि मग काहीच न झाल्यासारखे पुढचा ठोकळा उचलते. वर्गात यालाच 'तंद्री' म्हणतात आणि कित्येकदा अशा मुलावर अवधानाच्या विकाराचा शिक्का बसतो. ही अॅब्सन्स प्रकारची आकडी असू शकते. वेळ, प्रश्नाचा क्रमांक आणि काय दिसले ते लिहून त्याच दिवशी सुपरवायझरला आणि न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांना सांगा. ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद) करताना मुलाला जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, त्यात ती अनेकदा पकडता येते. या शाखेत माझा जीव गुंतला तो अशाच कामामुळे: तासभर एका मुलासमोर शांत बसणारे माणूस रुग्णालयात दुसरे कुणी नसते.

मुंबईत भाषेचा गुंता मोठा आहे. घरी मालवणी किंवा मराठी, चाळीत हिंदी, शाळा इंग्रजी. अशा मुलाला मराठीत 'एकोणसाठातून सव्वीस' विचारले आणि ते अडले, तर गणित येत नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. आधी कोणत्या भाषेत मोजते, कोणत्या भाषेत भांडते, ते विचारा. वाचन तपासताना शाळेची भाषा आणि घरची भाषा दोन्ही तपासा. मराठीत वेलांट्या, जोडाक्षरे, रफार यांवर मूल कसे अडखळते ते इंग्रजी यादीतून कळणार नाही. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने तयार केलेली 'डाली' ही डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) तपासणारी चाचणी मराठीतही आहे. अध्ययन अक्षमता 2016 च्या अपंगत्व हक्क कायद्यातल्या 21 अपंगत्वांत मोडते, पण परीक्षेतल्या सवलतींसाठीचे प्रमाणपत्र ठरवून दिलेल्या रुग्णालयातूनच मिळते. खाजगी क्लिनिकमध्ये शिकत असाल तर पालकांना हे पहिल्याच भेटीत सांगा, त्यांचे पैसे आणि महिने वाचतात.

मूल खेळता खेळता कधी घरातल्या अत्याचाराबद्दल बोलून जाते. "कुणाला सांगणार नाही" असे वचन मुलाला कधीही देऊ नका. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. त्याच दिवशी, त्याच तासाला सुपरवायझरकडे जा.

रिपोर्ट शेवटी शाळेतल्या बाई वाचणार असतात, ज्यांच्या वर्गात साठ मुले आहेत. 'वैयक्तिक लक्ष द्यावे' या शिफारशीचा त्यांना उपयोग नाही. 'पहिल्या बाकावर बसवावे, फळ्यावरचे उतरवायला जास्त वेळ द्यावा, एका वेळी एकच सूचना द्यावी' याचा आहे. आईचा प्रश्न तर ठरलेला असतो: "हा शिकेल ना?" त्याचे उत्तर टक्केवारीत देऊ नका. या वर्षी काय शिकू शकेल, कशाच्या आधाराने, आणि पुन्हा कधी तपासायचे, एवढे सांगा.

पोस्टिंगसाठी मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही काही गोष्टी विचारा. सुपरवायझर मूल स्वतः बघतात की फक्त रिपोर्टवर सही करतात? पालकांना फीडबॅक देताना तुम्हाला बसू देतात का? न्यूरॉलॉजी आणि बालरोग विभागाच्या राऊंडला जाता येते का? चाचण्यांचे मूळ संच आहेत की झेरॉक्स? उमेद चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरसारख्या संस्था प्रशिक्षणेही घेतात, तिथे एकाच मुलाभोवती थेरपिस्ट, डॉक्टर आणि पालक कसे काम करतात ते बघायला मिळते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली तर नाव कितीही मोठे असो, दुसरी जागा शोधा.