गझानियाला ऊन भरपूर, पाणी बेतानं

पाऊस ओसरून हवेत गारवा आला की गझानियाचं बी टाकायला घ्यावं. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते, तिथे कडाक्याची थंडी सरेपर्यंत थांबावं. डेझीच्या कुळातलं हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. रखरखीत उन्हात, हलक्या जमिनीत ते सुखानं वाढतं.

जागा निवडताना घाई करू नका. दिवसातून किमान 6 तास थेट ऊन हवंच. ‘कळ्या येतात पण उमलत नाहीत’ ही तक्रार बहुतेक वेळा सावलीमुळेच असते. ही फुलं संध्याकाळी मिटतात आणि ढगाळ दिवशी अर्धवट उघडतात. तो रोग नाही, काळजी करू नका.

बी अंधारात चांगलं रुजतं, म्हणून त्यावर 3-4 मिलिमीटर मातीचा थर द्या. साधारण 20 अंश सेल्सिअस तापमानात 1 ते 2 आठवड्यांत ते उगवतं. रोपाला चार-पाच पानं आली की 25 सेंटिमीटर अंतरावर लावा. रोपाचा गड्डा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, मातीत गाडला जाऊ देऊ नका, तिथूनच कूज सुरू होते.

खरं तर ही झाडं तहानेनं क्वचित मरतात, जास्त पाण्यानंच दगावतात. मुळाशी पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी शिरते. मग पानं मलूल होतात, आपल्याला वाटतं तहान लागली, आणि आपण आणखी पाणी घालतो! म्हणून आधी माती चाचपा. बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी लागली तरच पाणी द्या, तेही सकाळी आणि बुडाशी. माती चिकण असेल तर जाडसर वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच करा. कुंडीखाली बशी ठेवू नका.

युरियाचा मोह टाळा. नत्र वाढलं की पानांचा पसारा होतो, फुलं रोडावतात. लावताना दिलेलं शेणखत बहुधा पुरतं.

कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढा. तरीही राहिला तर 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा.

सुकलेली फुलं देठासकट खुडत राहा, बहर लांबतो. बी धरायचं असेल तर हंगामाच्या शेवटची काही फुलं झाडावरच वाळू द्या. संकरित वाणाच्या बियांतून मात्र पुढच्या वर्षी तोच रंग येईल याची खात्री नसते.